एवाल्डच्या नावाखाली

हॅलो? ट्रोगर बेकरी… अगं गुडरून, तू होय. बोल. नाही, गिऱ्हाईक नाही कोणी, अकरा वाजता कोण येतंय पाव न्यायला. हात पिठाचे आहेत, फोन खांद्यात धरलाय, तेवढं समजून घे.

हो, लावला ना. आठ वाजताच लावला कचेरीत. चाळीस मिनिटं नुसती वाजंत्री ऐकवली त्यांनी.

मग काय, विचारलं सरळ. माझ्या बेकराच्या इथे राहायच्या परवान्याचं काय झालं? म्हणे, आम्ही झुराब साहेबांना दोनदा पत्र पाठवून बोलावलं, ते फिरकलेच नाहीत. … हो, दोनदा. … अगं कुठलं पत्र? सहा आठवडे मी त्या पेटीत रोज हात घालतेय. गिरणीची जाहिरात येते, चर्चचं पत्रक येतं, तुझं समुद्रावरून पाठवलेलं कार्डसुद्धा आलं. कचेरीचं तेवढं येत नाही.

अगं ऐक ना, पुढचं ऐक. काल तिसरं टाकलंय म्हणे. शेवटचं. त्यात हजर राहायची तारीख आहे. तेही चुकलं तर फाईल बंद. आणि व्हिसा शनिवारी संपतोय. … मग काय, जॉर्जियाला परत, आणि सगळं पहिल्यापासून. मागच्या खेपेला दीड वर्ष गेलं, आठवतंय ना? त्याचं शिक्षण तपासून घ्या, नोकरीची हमी द्या, खोलीचं माप द्या. खोलीचं माप, गुडरून. तिकडे त्याची बायको त्या मापाचे पडदे शिवून बसलीय. परवाना मिळाला की ती आणि मुलगी येणार.

तारीख? चारदा विचारली. म्हणाली, पत्र ज्याच्या नावाचं त्यालाच सांगता येईल. म्हटलं, बाई, मी मालकीण, हमीपत्रावर सही माझी. तर म्हणे, असेल. … दिला ना फोन झुराबकडे. समोरासमोर छान बोलतो गं तो, पण फोन हातात आला की त्याचं जर्मन पळून जातं. 'हो, धन्यवाद' म्हणाला आणि ठेवून दिला.

घाबरू? मी? एकतीस वर्षं भट्टी सांभाळलीय. अडीच पानी तक्रार लिहून तयार आहे. 'आपल्या कचेरीच्या गलथान कारभारामुळे' अशी सुरुवात केलीय. उद्या पहिल्या बसने जाते आणि त्या बाईच्या टेबलावर ठेवते. …

काय? … पेटीवर? पेटीवर काय असणार, नाव आहे. … आमचं. 'एवाल्ड ट्रोगर', आणखी कोणाचं? पितळी पट्टी. दर शनिवारी पुसते मी.

… झुराबचं? … नाही. अगं पण तो वर राहतो हे सगळ्या गावाला… पोस्टमन होर्स्टला तरी ठाऊक होतं. होर्स्ट त्याचं टपाल थेट काउंटरवर आणून द्यायचा, वर खसखशीच्या केकचा तुकडा खाऊन जायचा.

… ईस्टरनंतर. ईस्टरनंतर निवृत्त झाला ना होर्स्ट. … म्हणजे… सहा आठवडे.

…

थांब, हात पुसते.

… म्हणजे ही नवी सायकलवाली बाई पेटीवर नाव शोधते, आणि नसलं की पत्र परत. … तूसुद्धा टपाल वाटताना हेच करायचीस? अठ्ठावीस वर्षं? … माहीत आहे गं नियम आहे ते, मीपण इथेच जन्मले.

… त्यानं विचारलं होतं, गुडरून. डिसेंबरात, आला त्याच आठवड्यात. कागदाच्या पट्टीवर सुबक नाव लिहून आणलं होतं. मीच म्हटलं, काही गरज नाही, होर्स्ट ओळखतो तुला. … छे, लांब कसलं. म्चेडलिशविली. मावलं असतं. … मलाच बघवत नव्हतं. एवाल्डच्या नावाखाली दुसऱ्या कोणाचं नाव. नवरा जाऊन चार वर्षं झाली तरी बघवत नाही. आणि त्यापायी मी त्या माणसाला घालवायला निघाले होते…

हो, रडतेय. रडू दे जरा. …

झालं. … काय म्हणालीस? … काल टाकलं तर आजच येईल? … ती साडेअकराला येते. आत्ता अकरा वीस झालेत. अगं बाई. धर. ठेवू नकोस, धर.

झुराब! ते राहू दे, इकडे ये. तुझी ती नावाची पट्टी, डिसेंबरातली, आहे का रे? … आण. येताना गल्ल्याखालची चिकटपट्टी पण घे.

आहेस ना गं? वहीत जपून ठेवलीय बघ त्यानं. मी विसरले, तो नाही विसरला. … हो, दाराशीच आलोय.

नाही रे, कोपऱ्यात नको. इथे. एवाल्डच्या खाली, मधोमध. … लाव ना, माझ्याकडे काय बघतोस. … झाली थोडी वाकडी. असू दे. दाराच्या घंटेवरही लावायचंय, दुसरी लिही.

तक्रार? ती गेली भट्टीत. आता एकच ओळ लिहून नेणार. चूक माझी आहे, त्याची नाही. … लिहीन, लिहीन. खाली सहीपण करीन.

थांब… आली. … अगं सायकल. बोलू नकोस आता.

नमस्कार. … कोण म्हणालात? … हो, इथेच राहतो. हे काय, लिहिलंय. … चिकटवलं आत्ता, पण राहतोय डिसेंबरपासून. हा समोर उभा आहे, त्याच्याच हातात द्या.

… गुडरून. आलं. … कचेरीचं, हो. … मी नाही उघडणार, त्याच्या नावाचं आहे. उघड रे. … हळू, फाटेल. … वाच. मोठ्यानं वाच, तुला येतं.

… गुरुवार. … सकाळी साडेसात.

ऐकलंस? परवा. ऐक, गाडी घेऊन सहाला ये. बस त्या वेळेला पोचत नाही. … मी पण जाणार म्हणजे काय, चूक मीच सांगायचीय ना. … राहील बंद. एवाल्ड गेला त्या दिवशी भट्टी बंद होती, त्यानंतर परवा. गाव खाईल एक दिवस शिळा पाव.

… हो, दारातच उभी आहे अजून. बघतेय. … बघवतंय. … नाही गं, कागद किती टिकणार? त्याचीही पितळी करायला टाकते. शनिवारी आता दोन पुसाव्या लागतील. … हो. चल, ठेवते.