आजीच्या खांद्यावरचे सहा ठिपके

हॅलो?... कोण, मिहो? थांब हं, हात ओले आहेत. लोणच्याचे मुळे वाळत घालत होते... हं, बोल.

काय गिळलं?... माझ्या खांदेदुखीच्या चिकटपट्टीतला चुंबक? कोहारुनं? काल, इथं?... अगं, रडतेस कशाला! पोट दुखतंय का तिचं?... खेळतेय ना? मग पडेल गं बाहेर. चार वर्षांची असताना तूही गिळलाच होतास की, बाबांच्या खांद्यावरून सोलून!

हो, हो... अगं ऐक ना. बाबा दिवसभर उभ्यानं लोकांचे केस कापायचे, खांद्यांचं नुसतं लाकूड व्हायचं. मग संध्याकाळी तू पाठीवर चढून पट्ट्या लावायचीस. ‘खाली, मिहो-चान... अजून खाली...’ अजून कानात आहे बघ. आणि तू गिळलास तेव्हा? तीन रात्री जागले बाबा! जेवायच्या काड्या घेऊन तुझ्या शीच्या भांड्यापाशी बसायचे, मी पोट धरून हसायची. मुगाएवढा तो दाणा सापडला, तर ढसाढसा रडले गं... आहे अजून. त्यांच्या फोटोखालच्या खणात.

काय?... दोन असले तर?... कोण, इस्पितळातली बाई म्हणाली?... एकमेकांना ओढतात? आणि मधलं आतडं चिमटतं?... भोक पडतं? अगं बाई... पण कोहारु एकच म्हणतेय ना?

बरं, मोजते. ओरडू नकोस. सहा लावल्या होत्या तिनंच, दोन्हीकडे तीन-तीन, तू बाबांना लावायचीस तशा... एक, दोन, तीन... चार, पाच, सहा. बघ! सगळ्या जागच्या जागी. थापा मारतेय कार्टी!

थांब.

हिच्यात दाणा लागत नाहीये... सपाट आहे. दाणा काढून नुसती पट्टी परत चिकटवलीय. आजीला कळू नये म्हणून... मला डुलकी लागली होती गं.

मिहो... ही पण सपाट आहे.

हो, दोन. बाकीचे चार आहेत, बोटाला लागतायत... मघाशी मी काय बोलले ते सोड. ऊठ, टॅक्सी बोलाव. खायला-प्यायला काही देऊ नकोस. गेल्या गेल्या सांग, दोन आहेत म्हणून... मी पुढच्या गाडीनं निघते... आणि तिला रागावू नकोस गं. पळ!... हॅलो?... मिहो?

गेली.

अहो... ऐकलंत का? या खेपेला दोन आहेत. मी नाही हसत. तुम्ही तेवढे जागे राहा.