शंकरपाळ्यासारखी जाळी

कळंबच्या माझ्या हार्डवेअर दुकानात रेल्वेचे निवृत्त गँगमन हरिसिंग आणि त्यांची शिक्षिका लेक ममता माझ्यापुढे उभे होते. तिच्या हातात छोट्या रेल्वे स्टेशनाची प्रतिकृती होती.

"बा, आता तरी कुंपण बरोबर झालं ना?"

"नाई. आपल्या स्टेशनाच्या जाळीचे घरं शंकरपाळ्यासारखे होते. हे चौकोनी हायेत."

"मच्छरजाळी हाय, चौकोनीच येते. उद्या शाळेत प्रदर्शन हाय. एवढं कोण पाहते?"

"मी पाहीन. सत्तावीस वर्षं त्या तारेले डबा टांगला."

"मंग काय करू?"

"जाळी तिरपी लाव."

"तिरपी कापली का ताणल्या जाते."

"पहिले खांबाले चिकटव, मंग काप."

"चौथ्यांदा करीन, बा. भाऊ, मच्छरजाळी द्या."

"ताई, एवढ्याशा कुंपणाले पाव मीटर पुरते."

"बा बाजूले बसून पाहणार हायेत. दोन मीटर द्या."