छातीनं ऐकायचं स्टेडियम

...नाही, मला एक सांगा, जेवायला बसलेल्या माणसाच्या ताटातली काकडी कुणी उचलून नेतं का? आणि तीही कशासाठी, तर 'उत्तरेकडच्या स्टँडमध्ये माणसं कमी पडतायत' म्हणून? माझ्या सासुरवाडीत नेतात! दर रविवारी नेतात! सूपचं भांडं टेबलाच्या मधोमध, ते मैदान. चारी बाजूंनी वाट्या उपड्या घातल्या की झाले स्टँड. काकडीच्या चकत्या म्हणजे प्रेक्षक. आणि घरचा जावई, म्हणजे मी, चमचा हातात धरून बसलोय... कारण मैदानातलं सूप वाढून कसं घेणार?

तुम्हाला सांगतो, मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. माझं गाद्यांचं दुकान आहे हो! माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, आडवं होतं, डोळे मिटतं आणि हळूच म्हणतं, 'जरा मऊ आहे का?' आणि मीही हळूच म्हणतो, 'कूस बदलून बघा.' दिवसभरात यापेक्षा मोठ्या आवाजात कुणी बोलत नाही. असा माणूस मी, आणि लग्न कुठल्या घरात केलं? तर जिथे जगातलं सगळ्यात भारी स्टेडियम कुठलं यावर भांडणाशिवाय हात धुतले जात नाहीत!

एका बाजूला सासरे. जन्मभर छापखान्यात, मोठ्या मशीनवर. त्या धडधडाटात नुसता तळहात टेकवून सांगायचे म्हणे, की आज मशीनची तब्येत बरी नाही. आता घरी असतात, पण आवाज अजून छापखान्यातलाच. 'स्टेडियम म्हणजे आवाज! बाकी सगळं सिमेंट! डॉर्टमुंडची ती पिवळी भिंत बघ, एका स्टँडमध्ये पंचवीस हजार माणसं, आणि सगळी उभी! ते बोंबोनेरा बघ, लोक नाचायला लागले की इमारत हलते!'

दुसऱ्या बाजूला माझा मेहुणा. इमारतींचे नकाशे काढतो. त्याला हलणारी इमारत म्हटलं की घाम फुटतो. 'बाबा, हलते हे कौतुक आहे का? सान सिरो बघा! त्या कोपऱ्यांवरच्या गोल मिनारांवर ते छत कसं तोललंय! स्टेडियम डोळ्यांनी बघायचं असतं!' 'डोळ्यांनी बघायला संग्रहालयं आहेत!' 'बाबा, तुम्ही कधी गेलायत का तिथे?' 'तू गेलायस?' आणि खरं सांगू? दोघंही गेले नव्हते! कुठेच! दोघांचं मिळून सगळं जग टीव्हीतलं! पण त्वेष असा, जणू त्या माराकाना स्टेडियमचा पाया यांच्याच हातानं भरलाय. आणि मध्येच सासूबाई, स्वयंपाकघराच्या दारातून, एकदम शांतपणे... 'एवढी माणसं आत कोंबता, तिथे बायकांसाठी संडास किती असतात?' की दोघंही काकडीच्या चकत्या सारख्या करायला लागायचे. जगातल्या एकाही स्टेडियमबद्दल त्यांना हे माहीत नसायचं.

असं मजेत चाललं होतं. म्हणजे त्यांचं मजेत, माझं उपाशीपोटी. मग एका रविवारी काय झालं, सासरे म्हणाले, 'स्टेडियम म्हणजे आवाज!' आणि मेहुणा म्हणाला, 'हो बाबा. बरोबर आहे.'

माझ्या हातातला चमचा तसाच. सासऱ्यांनी मान वाकडी करून बघितलं. 'काय म्हणालास?' 'बरोबर म्हणालात. आवाजच महत्त्वाचा.' आणि सासरे असे भडकले म्हणून सांगू! 'मला आजारी समजतोस? माझी कीव करतोस? भांड माझ्याशी! भांड म्हणतो ना!'

झालं होतं असं की, त्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, उजवा कान गेलाच आहे, डावाही चाललाय. यंत्र लावा, थोडे दिवस साथ देईल. पुढे अवघड आहे. जन्मभर मशीनशेजारी उभे राहिलेले कान ते, किती सोसणार? सासऱ्यांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, 'जरा कमी ऐकू येतं म्हणाल्या.' बाकीचं बायकोनं मला सांगितलं, पाठमोरी उभी राहून, भांडी विसळत. आणि रात्रीचा टीव्हीचा आवाज शेजारपाजाऱ्यांपर्यंत का जायचा, ते तेव्हा आमच्या डोक्यात शिरलं.

मेहुण्यानं मग काय करावं? वाद घालता येईना, तर गपचूप राजधानीतल्या मोठ्या स्टेडियमची दोन तिकिटं काढली. बाप आणि लेक. दुपारची मॅच. सगळं ठरलं. आणि जायच्या आदल्या दिवशी त्यानं पायातले बूट काढायला वाकून जी कंबर धरली... सरळच होईना! नव्वद अंशात घरभर फिरतोय! नकाशे काढणारा माणूस, स्वतःच काटकोन झाला! मला म्हणतो, जमिनीकडे बघत, 'दाजी, तुम्ही जा.'

मी? अहो, मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही! बायको म्हणाली, 'कळायचं काय आहे त्यात? बाबांचा हात सोडायचा नाही, बस.'

निघालो. गाडीत सासऱ्यांची तोफ चालू. 'आता बघा, जावईबापू, आवाज काय असतो!' अख्ख्या डब्याला कळलं. पण गाडीतून उतरून त्या रस्त्याला लागलो ना... साधाच रस्ता हो. दोन्ही बाजूंनी घरं, खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे, एक चपलांचं दुकान, एक दवाखाना... आणि रस्ता संपतो तिथे, घरांच्या छपरांच्या वर, हे एवढं... कसं सांगू? बोळाच्या तोंडाशी जहाज येऊन उभं राहावं तसं! रस्ता माणसांनी भरलेला, सगळे एकाच दिशेला, कुणी कुणाला ढकलत नाही, पण थांबायची सोय नाही. तान्ही बाळं खांद्यावर, म्हातारे काठी टेकत, आणि सगळ्यांच्या गळ्यात एकाच रंगाचे, मफलरसारखे पट्टे. आणि माझे सासरे, ज्यांचं तोंड मी लग्नापासून बंद बघितलेलं नाही, ते गप्प. त्यांनी माझा दंड धरला. तिकडे बघत, चालत, गप्प.

आत जिने. जिन्यामागून जिने. अंधारे, ओलसर, सिमेंटचे. मी मनात म्हटलं, मेहुण्यानं हे बघितलं असतं तर रडला असता. मग एक बोगद्यासारखी वाट, पुढे एक उजेडाचा चौकोन, त्या चौकोनातून आम्ही बाहेर पडलो आणि...

हिरवं! अहो, किती हिरवं असावं? टीव्हीवर दिसतं ते काहीच नाही. आणि त्याच्या चारी बाजूंनी माणसं, वरपर्यंत, आभाळाला टेकतील इतकी माणसं, आणि प्रत्येकाला डोकं, प्रत्येकाला घर, प्रत्येकजण सकाळी उठून दात घासून इथे आलेला... माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मला, गादीवाल्याला! अजून मॅच सुरूही नव्हती झाली. एक माणूस नुसता गवताला पाणी मारत होता!

बसलो. आणि गाणं सुरू झालं. कुठून सुरू झालं, देव जाणे, एका कोपऱ्यातून, मग दुसऱ्या, मग सगळीकडून, चाळीसेक हजार माणसं एका तालात. मी कौतुकानं सासऱ्यांकडे वळलो, म्हटलं, घ्या, आला तुमचा आवाज! तर सासऱ्यांचा चेहरा पिळवटलेला. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतंय! एवढा आवाज त्याला झेपेना, नुसतं किंचाळतंय. त्यांनी दोन्ही हातांनी कान दाबला, आणि मग काय केलं, यंत्रच उपसून काढलं आणि माझ्या खिशात कोंबलं!

ज्यासाठी आलो तेच! मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, 'बाबा, काही ऐकू येतंय का?' त्यांनी मान हलवली. नाही. डोळे भरून आले त्यांचे. जन्मभर ज्या आवाजाची बाजू घेऊन पोराशी भांडले, त्या आवाजाच्या मधोमध बसलेत आणि... मी इकडेतिकडे बघतोय, काय करू? कुणाला सांगू? इथे कुठली खिडकी आहे, जिथे तक्रार करायची?

आणि तेवढ्यात सगळ्यांनी उड्या मारायला सुरुवात केली. सासऱ्यांचा हात सहज समोरच्या लोखंडी कठड्यावर पडला होता. तो तिथेच थांबला. मग त्यांनी दुसरा हात ठेवला. दोन्ही तळहात, सपाट. मग डोळे मिटले. मग चपला काढल्या, हो, चपला काढल्या आणि पाय सिमेंटवर टेकले. आणि म्हणाले... म्हणाले कसले, बोंबलले, त्या गोंगाटातही चार रांगांनी वळून बघितलं... 'मशीन सुरू झालं! जावईबापू, मशीन सुरू झालं!' माझा हात ओढून त्यांनी स्वतःच्या छातीवर ठेवला. 'इथे येतंय!' आणि येत होतं हो! त्या म्हाताऱ्या बरगड्यांमध्ये अख्खं स्टेडियम वाजत होतं. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण ते कळलं.

आता पुढे जे झालं त्यात माझी चूक नाही. एका गड्यानं सुरेख गोल मारला, मला आवडला, मी उठून कडकडून टाळ्या वाजवल्या. आणि माझ्या लक्षात आलं... की टाळ्यांचा आवाज येतोय. फक्त माझ्याच! बाकी सगळं स्टेडियम चिडीचूप! गोल समोरच्या संघाचा होता! शेजारी एक धिप्पाड माणूस, तोंडाला रंग फासलेला, त्यानं माझ्याकडे वळून बघितलं... हात जोडू की खिशात घालू? मी तसेच हवेत धरून हळूहळू खाली बसलो.

पण सासरे? सासऱ्यांनी डोळे उघडले होते. 'बंद पडलं,' म्हणाले. आणि उभे राहून त्यांनी सगळीकडे बघितलं. चारी बाजूंना. चाळीसेक हजार माणसं, तोंडं मिटलेली, कुणाचे हात डोक्यावर, एक बाई गळ्यातला पट्टा चावत होती, त्या धिप्पाड माणसाच्या गालावरून रंग ओघळत होता. सासरे बघतच राहिले. मग खाली बसले आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, हळू आवाजात बोलले. 'मला वाटायचं, ऐकू येईनासं झालं की सगळं रिकामं होतं.' मग समोर हात केला. 'हे बघा ना. कुणी काही बोलत नाही, तरी किती भरलेलं आहे.'

मी त्यांचा हात धरला. बायकोनं सांगितलंच होतं.

शेवटी-शेवटी आमच्या बाजूनं बरोबरी केली. कशी, विचारू नका, कारण त्या धिप्पाड माणसानं मला उचललं होतं. अक्षरशः उचललं! पाय अधांतरी! आणि मी ओरडत होतो! मी! काय ओरडत होतो, आठवत नाही, पण दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकांशी खाणाखुणांनी बोललो.

घरी आलो, यंत्र पुन्हा सासऱ्यांच्या कानात. मेहुणा काटकोनातच दारात. 'बाबा, कसं होतं?' सासरे म्हणाले, 'छत काय बांधलंय रे! आवाज वर जाऊन परत खाली उतरतो, खांबांतून पायात येतो. तूच बरोबर होतास. बांधकामच महत्त्वाचं!' आणि मेहुणा, डोळे पुसत, 'छे, छे, बाबा! माणसं नसतील तर बांधकाम काय चाटायचंय?' 'काय म्हणालास?' 'आवाजच महत्त्वाचा!' 'बांधकाम!' आणि सुरू! बाजू बदलून पुन्हा सुरू! सासूबाईंनी माझ्यापुढे ताट ठेवलं, त्यातली काकडी मी आधी खाऊन टाकली.

आता सासऱ्यांचा डावा कानही गेलाय. पूर्ण. आम्ही घाबरलो होतो, म्हातारा खचेल. खचतोय कसला? समोरच्याचं काही ऐकूच येत नाही, त्यामुळे प्रत्येक वाद तेच जिंकतात! मेहुणा हातवारे करून, वाट्या हलवून घसा फोडतो, हे शांतपणे म्हणतात, 'म्हणजे पटलं तुला.'

आणि मी... मला अजूनही ऑफसाइड कळत नाही. पण जगातलं सगळ्यात भारी स्टेडियम कुठलं, यावर आता माझं मत आहे. ठाम आहे! कारणांसकट आहे! पण सांगू कुणाला? सासऱ्यांना ऐकू येत नाही, मेहुणा मला बोलू देत नाही, बायको म्हणते, 'तुला त्यातलं काय कळतं?' आणि दुकानात सांगायला जावं... तर गिऱ्हाईक घोरत असतं.