दुसऱ्या शिफ्टचा तिसरा अंक

(मोशीतल्या एका सोसायटीचं छोटं वाचनालय, रविवारची सकाळ. नंदकिशोर गद्रे हे एका कंपनीच्या, कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. वाचनालय सांभाळणारी सुखदा ही त्यांची सून. संध्याकाळी इथेच त्यांना रहस्यकथांच्या विस्मरणात गेलेल्या रूपांतरांवर बोलायचं आहे, आवडत्या आणि नावडत्याही. यादी अजून व्हायची आहे.)

सुखदा : पण बर्फाचं काय केलं, ते सांगा ना. मूळ इंग्रजी गोष्टीत खुन्याची पावलं बर्फात उमटतात. आपल्याकडे बर्फ कुठून आणला?

नंदकिशोर : आणलाच नाही. जत्रेचा दिवस घेतला. देवळाचं अंगण भंडाऱ्यानं पिवळंधमक झालेलं, आणि त्यात एकाच माणसाची बाहेर जाणारी पावलं. आत येणारी नाहीतच. लिहिणारे कोण, तर तालुक्याच्या शाळेतले भूगोलाचे मास्तर. माझं सगळ्यात आवडतं रूपांतर. वर लिही ते.

सुखदा : लिहिलं. आता नावडती. लोकांना त्यातच जास्त रस असतो.

नंदकिशोर : एका गृहस्थांनी गोष्ट सोलापुरात आणली आणि लंडनचं धुकं तसंच ठेवलं. मे महिन्यात. गुप्तहेर ओव्हरकोट घालून गावभर हिंडतो, आणि कुणी विचारतसुद्धा नाही की बाबा रे, ताप आहे का.

सुखदा : हे सगळ्यात शेवटी ठेवते. याच्याहून वाईट काय असणार?

नंदकिशोर : आहे. ‘स्टोअरची किल्ली’. तीन अंकी. आमच्या कंपनीच्या स्नेहसंमेलनात एकदाच झालं. रूपांतरकार, नंदकिशोर गद्रे.

सुखदा : बाबा, काहीतरीच काय.

नंदकिशोर : माझंच आहे म्हणून तर खात्रीनं सांगतोय. एवढी एक प्रत उरली आहे. आज शेवट वाचून दाखवणार आणि रद्दीत टाकणार.

सुखदा : मी काल वाचलं ते. दोन अंक कसले रंगलेत. तिसऱ्यात मात्र... आचारी एकदम कुठून आला, तेच कळलं नाही मला.

दत्तोबा : मलाबी न्हाई कळलं, पोरी. येऊ का आत?

सुखदा : या ना दत्तोबाकाका. बाबा, हे दत्तोबा. आपल्या मागच्या गल्लीत राहतात, मूळचे इथलेच.

दत्तोबा : गेटवर कागद लावलाय, त्यावर नाव वाचलं. गद्रेसाहेब, तुमी मला वळखत नसाल. मशीन शॉपला होतो, सेकंड शिफ्ट. तुमचं नाटक बघितलंय मी. दोन अंक. मग भोंगा झाला न् आमी समदे उठून मशीनवर गेलो.

नंदकिशोर : सुटलात म्हणायचे.

दत्तोबा : सुटलो कसला. शिफ्टभर त्येच डोक्यात. दुसऱ्या दिवशी फर्स्टवाले म्हनले, खून आचाऱ्यानं केला. चहात इख घातलं. म्हनलं, शक्य न्हाई. तवापासनं तुमाला गाठायचं होतं, पन टाइम ऑफिसच्या खिडकीत जाऊन खुनी कोन, आसं कसं इचारायचं?

सुखदा : शक्य का नाही, काका?

दत्तोबा : मुडदा आत, स्टोअरला बाहेरनं कुलूप. एक किल्ली मेलेल्या स्टोअरकीपरच्या खिशात, दुसरी नाटकातल्या साहेबाच्या ड्रॉवरला. आचाऱ्याच्या हातात काय, तर झारा. बरं, साहेब म्हनतो मी कालपासनं मुंबैला होतो. आन् आल्या आल्या म्हनतो, स्टोअरला पंखा कशाला पायजे होता? आरं, पंखा त्याच सकाळी बशिवलेला. तुला कुनी सांगितलं?

सुखदा : अरे हो. हे माझ्या लक्षातच नाही आलं.

दत्तोबा : मी मशीन शॉपलाच इन्स्पेक्शनला होतो. माल कुठं बदललाय ते दिसतं आमाला. गद्रेसाहेब, खरं सांगा. हा शेवट तुमचा न्हाई.

नंदकिशोर : हात माझाच आहे. प्रयोगाला चार दिवस होते. वेल्फेअर ऑफिसरनं बोलावून सांगितलं, कंपनीचे साहेब पहिल्या रांगेत बसणार, मग खुनी साहेब कसा चालेल? मी तेव्हा प्रोबेशनवर. एका दुपारीत साहेबाला सोडवला आणि आचाऱ्याला अडकवला. तो पंखा काढायचा मात्र विसरलो.

दत्तोबा : बरं झालं इसरलात.

नंदकिशोर : नाही हो. आपल्या कँटीनला चिमाजी आचारी होते, आठवतात? मागे उभं राहून मनापासून टाळ्या वाजवत होते बिचारे. तिसऱ्या अंकानंतर सगळे वळून त्यांच्याकडे बघून हसले. दुसऱ्या दिवसापासून जो तो चहाचा वास घेऊन पिऊ लागला. महिनाभरात त्यांनी नोकरी सोडली. मला लाज वाटते दत्तोबा. म्हणून हे नाटक यादीत तळाला.

दत्तोबा : लागलं होतं त्याला. खोटं कशाला बोलू? आता निघोज्याला आस्तो, पोराचं हॉटेल हाय. आजूनबी कुनाला चहा दिला की आधी आपन एक घोट घेतो, मग म्हनतो, घ्या, काय न्हाई त्यात. लोक हसत्यात, त्योबी हसतो.

सुखदा : अजून?

दत्तोबा : आजून. मी तवाच त्याला पंख्याचं सांगितलं होतं. म्हनलं, चिमाजी, तू खून केलाच न्हाई. तर म्हनतो, तुझं कोन ऐकतंय, लिहिणाऱ्यानं म्हनायला पायजे.

नंदकिशोर : सुखदा, कार्यक्रम सहाला ना?

सुखदा : सहाला. लॅपटॉप आणते वरून. तुम्ही सांगत जा, मी टाइप करते. मूळचा तिसरा अंक आठवतोय?

नंदकिशोर : शब्द न् शब्द. खोडलेलं फार आठवतं.

सुखदा : आणि यादीत कुठे ठेवू? आवडत्यांत की नावडत्यांत?

नंदकिशोर : जागा मोकळी ठेव. ते चिमाजी ठरवतील. आणता ना त्यांना, दत्तोबा?

दत्तोबा : आनतो की. स्कूटरवर घालून आनतो. फकस्त चहा करायला त्याला सांगू नका.

नंदकिशोर : चहा मी करीन. त्यांच्यासमोर पहिला घोटही मीच घेईन.

दत्तोबा : घ्या. आन् मलाबी त्याच्या शेजारी खुर्ची ठेवा. आज भोंगा न्हाई, शेवटपातुर बसनार.