रेसच्या गाडीत उमटलेली पाठ

विषय : अर्जदाराची पाठ, कंबर व त्याखालील भाग यांचा ठसा कॉलेजच्या रेसच्या गाडीत कायमचा उमटल्याबाबत.
संदर्भ : नातीने अर्जदाराशी धरलेला अबोला.

...हसू नका! तुम्हाला सांगतो, सगळी हयात टेबलामागे बसून काढली, पण माझ्या बसण्याने कधी कुणाचं नुकसान झालं नाही. नुकसान व्हायचं ते मी उठून काही करायला गेलो की, असं आमचे साहेबच म्हणायचे. आणि आता निवृत्त झाल्यावर, म्हणजे बसण्याचे पैसेही बंद झाल्यावर, एकदाच, जेमतेम घटकाभर दुसऱ्याच्या जागेवर बसलो काय आणि सख्ख्या नातीची जागा घालवली काय! बरं, मी काय हौसेने गेलो होतो तिथे? अहो, मी नुसता कॅल्क्युलेटर द्यायला गेलो होतो!

आमची नात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे. शेवटचं वर्ष. माझी आपली भाबडी समजूत, की कॉलेजात गेलेली मुलं अभ्यास करतात. छे! अभ्यास हा तिथला जोडधंदा. मुख्य धंदा क्लब. एक क्लब रोबोट बनवतो, कशासाठी? तर दुसऱ्या कॉलेजच्या रोबोटशी मारामारी करायला. म्हणजे वर्षभर खपून बनवायचा आणि दोन मिनिटांत दुसऱ्याकडून फोडून घ्यायचा. दुसरा क्लब विमान बनवतो. ते उडतं, पण उतरेल कुठे याची जबाबदारी क्लब घेत नाही. आणि आमच्या नातीचा क्लब गाडी बनवतो. रेसची. एका माणसाची. तिला छप्पर नाही, दार नाही, डिकी नाही, हॉर्न नाही. मी म्हटलं, "अगं, पण ही गाडी जाणार कुठे?"

"स्पर्धेला."

"चालवत?"

"नाही हो आजोबा, ट्रकमध्ये घालून."

"आणि तिथे गेल्यावर?"

"गोल गोल फिरणार."

"आणि मग?"

"मग ट्रकमधून परत. आल्यावर सगळी उघडायची आणि पुढच्या वर्षीची बनवायला घ्यायची."

आता सांगा! आमच्या ऑफिसातली फाइलसुद्धा याहून जास्त गाव बघून यायची. मी आणखी काही विचारणार, तेवढ्यात आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय? सायकलची चेन पडली तर शेजाऱ्यांना हाका मारणारे तुम्ही!"

पण पोरीचा जीव होता हो त्या गाडीत. पहिल्या वर्षी तिला नुसतं लोखंड घासायला बसवलं, दुसऱ्या वर्षी ब्रेक दिले सांभाळायला, आणि यंदा मैदानात ते रस्त्यावर ठेवतात तसले प्लॅस्टिकचे शंकू मांडून सगळ्या टीमची परीक्षा घेतली, तर ही सगळ्यांत हलकी आणि सगळ्यांत बेडर निघाली. झाली ड्रायव्हर! त्या दिवशी घरी आली ती जिना चढून आली की उडून, हे मला अजून कळलेलं नाही. कॉलेज संपलं की हे सगळं संपणार. यंदा नाही तर कधीच नाही, हे ती पोळी खाताना, दात घासताना, कुणी न विचारता सांगायची.

आणि मग आला तो दिवस. तिची तोंडी परीक्षा. फोन आला, "आजोबा, कॅल्क्युलेटर घरी राहिला, वर्कशॉपमध्ये आणून द्याल? तिथली मुलं माझ्यापर्यंत पोचवतील." गेलो. नाही म्हणायची सोय आहे का आजोबाला?

वर्कशॉप म्हणजे काय विचारता! जमिनीवर तेल, तेलावर लोखंडाचा भुसा, भुशावर चपला, आणि एका मशीनच्या आडोशाला एक मुलगा खुशाल झोपलेला. मधोमध ती गाडी, चार ठोकळ्यांवर चढवलेली. गाडीखालून दोन लांबलचक पाय बाहेर. ते टीमच्या कप्तानाचे. आणि गाडीशेजारी एक काटकुळा मुलगा, दोन्ही हातांत दोन डबे. हा सीटवाला. म्हणजे त्याचं या वर्षीचं एकमेव काम सीट. मी विचारलं, "सीट विकत नाही का मिळत?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याला आई विकत मिळते का विचारलं!

त्याने समजावलं. मला जे कळलं ते असं : ड्रायव्हरला गाडीत बसवायचं, त्याच्या पाठीमागे आणि खाली मोठी प्लॅस्टिकची पिशवी ठेवायची, दोन डब्यांतली दोन रसायनं एकत्र करून पिशवीत ओतायची, की ती फसफसून फुगतात, अंगाभोवती सगळीकडे भरतात आणि घट्ट होतात. झाली सीट, अंगाबरहुकूम! फक्त एक आहे, रसायन एकदा मिसळलं की ते कुणासाठी थांबत नाही.

तर कप्तानाने गाडीखालूनच नातीला फोन लावला. "झाली का परीक्षा? येतेस ना सीटला?" ती म्हणाली, "आलेच!"

आता मला सांगा, 'आलेच' म्हणजे काय? 'आलेच' म्हणजे अजून निघायचंय, हे शेंबड्या पोराला कळतं! पण हे इंजिनिअर! सीटवाल्याने 'आलेच' ऐकलं आणि ओतलं की हो मिसळून पिशवीत!

"ओतलंस?" कप्तान गाडीखालून ओरडला.

"ओतलं!"

"अरे ती अजून परीक्षेच्या इमारतीत आहे!"

"ती म्हणाली आलेच!"

"अरे बसा, बसा कुणीतरी! फुगतंय!"

कप्तानाचा शर्ट गाडीखाली कशात तरी अडकलेला, सीटवाल्याचे हात बरबटलेले, झोपलेला तर झोपलेलाच... आणि तुम्हाला सांगतो, 'बसा' हा शब्द माझ्या कानावर पडला. अहो, उभी नोकरी काय केलं मी? 'बसा' म्हटलं की बसायचं आणि 'उठा' म्हणेपर्यंत उठायचं नाही! माझं डोकं विचार करत होतं, कंबर केव्हाच खाली गेली होती. आणि मी नुसता कॅल्क्युलेटर द्यायला गेलो होतो हो!

पाठीला ऊब लागायला लागली. मग कंबरेला. मग असं वाटलं, की कुणीतरी पाठीमागून गरम पाव भाजायला ठेवलाय आणि पाव आपणच आहोत. "आजोबा, हलू नका! अजिबात हलू नका!" मी? हलणार? सीटवाला डोळे फाडून बघत राहिला. म्हणाला, "काय बसलात आजोबा! मागच्या वर्षी ड्रायव्हर शिंकला होता, सीटला टेंगूळ आलं. तुमच्यात एक बुडबुडा नाही!" खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. माझ्या बसण्याची अशी कदर आयुष्यात कुणी केली नव्हती.

आणि दारात नात. गाडीत आजोबा. आजोबांच्या हातात तिचा कॅल्क्युलेटर.

"आजोबा... उतरा."

उतरता आलं असतं तर! कप्तानाने एक हात धरला, सीटवाल्याने दुसरा, झोपलेला उठून आला त्याने बूट धरले, आणि मला ओढून काढलं तेव्हा बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज झाला. आत बघतो तर काय... मी! पाठमोरा, पण हुबेहूब. वाकलेली पाठ, पिशवी लटकावून लटकावून खाली गेलेला डावा खांदा, मागच्या खिशातल्या कंगव्यासकट!

"दुसरे डबे?" नातीने विचारलं. सीटवाल्याने रिकामा डबा उलटा करून दाखवला. दुसरे नव्हते.

मग तीच बसली त्यात. बसली म्हणजे काय, नाहीशी झाली! गाडी मैदानात काढली, तर बाहेरून नुसतं हेल्मेट दिसे. पहिल्या वळणावर ती डावीकडे घरंगळली, दुसऱ्या वळणावर उजवीकडे, डब्यात एकच वाटाणा राहिला की कसा खुळखुळतो, तशी! तीन शंकू आडवे. टीमचे सर होते तिथे. ते नाकात बोलतात, असं : "हंऽ... सुरक्षेच्या दृष्टीने हे चालायचं नाही. ही ड्रायव्हर नको. कप्तान आकाराने मोठा आहे, तो बसेल."

बसला कप्तान. रुंदीला बरोबर. दोन चकरा मारून उतरला तो वाकडाच्या वाकडा! एक खांदा खाली, मान पुढे. कसाबसा सरळ होत मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही असे जगता कसे हो?"

म्हणजे तिची जागा गेली ती गेली आणि मिळाली कुणालाच नाही! मी म्हटलं, हे माझ्यामुळे झालं, मीच निस्तरणार. आणि मला निस्तरायचा एकच मार्ग येतो. अर्ज! सरांना लिहिला. नवीन रसायनाचे डबे मिळण्याबाबत. सविनय, सकारण, सगळं जिथल्या तिथे. सरांनी वाचला. "भाषा चांगली आहे," म्हणाले. "पण आहे ती सीट निकामी आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं. मी स्वतः बसून बघतो."

बसले. आणि काय सांगू तुम्हाला... त्यांचा चेहराच बदलला हो! खांदे सैल पडले, डोळे मिटले, तोंडातून आवाज आला, "आऽहा!" आम्ही सगळे आपले उभे. बऱ्याच वेळाने एक डोळा उघडून म्हणाले, "अप्रतिम! पाठीला काय आधार आहे! हे डिझाइन कुणाचं?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. का नाही आवडणार? तेही दिवसभर टेबलामागे वाकून बसणारे, एकाच घडणीची पाठ!

"सीट उत्तम आहे," सर म्हणाले. "बदलायचं कारण दिसत नाही. दोष ड्रायव्हरमध्ये आहे. सीटच्या मापाचा ड्रायव्हर शोधा."

"सर, त्या मापाचे हेच आहेत," सीटवाला म्हणाला. माझ्याकडे बोट! मी? रेसमध्ये? अहो, मी नुसता कॅल्क्युलेटर द्यायला... सुदैवाने ड्रायव्हर विद्यार्थीच लागतो, नाहीतर त्यांनी मला हेल्मेटही घातलं असतं.

अर्ज फेटाळला. घरी अबोला. अबोला म्हणजे कसा, मी समोर बसलेला असताना ती आजीला सांगणार, "आजी, ज्यांना दुसऱ्याच्या जागेवर बसायला आवडतं त्यांना म्हणावं, चहा झालाय." आणि आमची ही तो निरोप शब्दन् शब्द मला पोचवणार, वर स्वतःच्या पदरचं, "ऐकलंत ना?" तेही लावणार. मी चहा प्यायचो. दुसरं काय करणार? पण खरं सांगू? चहा गोड लागत नव्हता. ट्रक निघायचा दिवस जवळ येत होता आणि पोरगी पोळी खाताना बोलायची बंद झाली होती.

मग एका सकाळी ती माझ्यासमोर टेप घेऊन उभी. "आजोबा, उभे राहा." राहिलो. खांदे मोजले, पाठ मोजली, कंबर मोजली. मग आजीकडून स्वतःची मोजून घेतली. कागदावर भराभरा आकडे.

"काय करतेस?"

"तुमच्यातून मला वजा करतेय. जे उरेल तेवढं सीटमध्ये भरायचं."

डोकं गरगरलं माझं. म्हणजे मी वजा ती, बरोबर काय? फक्त डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी, असं ती म्हणाली. पण भरायचं कशाने? घरभर हिंडून अंगठ्याने दाबून बघायला लागली. सोफा दाबला, मऊ. खुर्चीची उशी, फारच मऊ. आजीच्या पाठ टेकायच्या लोडाला हात लावला, तर आजीने नुसतं बघितलं, हात मागे. शेवटी माझ्या खोलीत आली. माझी गादी दाबली. पुन्हा दाबली. गुडघा रोवून बघितला. जुनी, घट्ट फोमची, कितीही बसा, दबत नाही अशी गादी आहे... होती.

"आजोबा," किती दिवसांनी ती सरळ माझ्याशी बोलली! "ही देता?"

आता यावर अर्जदाराने काय उत्तर द्यावं? पाठीच्या दुखण्याचं सांगावं? मी म्हटलं, "घे."

पाव कापायच्या सुरीने कापली हो! माझ्यादेखत! पाचर पाचर कापून, चिकटवून, वरून न जळणारं कापड शिवून, तिने माझ्या ठशात स्वतःचा ठसा बसवला. सरांनी चारी बाजूंनी ओढून बघितलं, तिला बसवून मैदानात वळणं घ्यायला लावली. एक शंकू पडला नाही. "हंऽ... ठीक. ड्रायव्हर हीच." आणि जाता जाता माझ्या कानात, "पण आधीची जास्त आरामशीर होती."

स्पर्धेला मीही गेलो. मला काय समजलं विचारू नका. सगळ्या गाड्या सारख्या, सगळी हेल्मेटं सारखी, कानठळ्या बसवणारा आवाज. मी उभा राहून घसा फोडून ओरडलो, टाळ्या वाजवल्या. शेवटी सीटवाल्याने दंड धरला, "आजोबा, ती दुसऱ्या कॉलेजची आहे. आपली ती, हिरवी." बरं, हिरवी तर हिरवी. संपल्यावर आली, तोंडाला काळं, केस चिकटलेले, डोळे असे चमकतायत की काय सांगू.

"कितवी?"

"पूर्ण केली आजोबा! निम्म्या गाड्यांनी पूर्णसुद्धा केली नाही! आणि वळणावर मी इतकीसुद्धा हलले नाही!"

नंबर शेवटपर्यंत कळला नाही मला. विचारायचं धाडसही झालं नाही. पण ती बोलत होती. जेवताना, हात धुताना, कुणी न विचारता. परतीच्या वाटेवर तर अख्खा रस्ताभर!

आता माझं विचाराल तर मी लाकडी फळीवर झोपतो. झोपतो म्हणजे आडवा होतो. परवा हिला म्हटलं, "अगं, एक गादी घ्यायला हवी." ही म्हणाली, "त्या सीटचं काय करणार आता?"

"गाडी उघडली की टाकून देतील."

"टाकतात कशाला? आणा घरी! तुमचंच माप, तुमचीच गादी. त्यात बसून झोपायची तुम्हाला सवय आहेच."

मी जाऊन बघितलं हो बसून. सर नाहीत असं बघून, हळूच. मावत नाही मी त्यात आता. कंबर अडकते. पुन्हा कप्तानाला ओढावं लागलं.

सबब नवीन गादी मिळण्याबाबतचा अर्ज आमच्या गृहखात्याकडे सादर केला आहे. तोंडी दोनदा, लेखी एकदा. आठवण करून दिली, तर "बघू" असा शेरा मिळाला. अर्ज अद्याप विचाराधीन आहे.