आतली शिलाई

नाही हो ताई, बत्तीसचा नाही शिवणार मी. बसा, बसा तुम्ही, त्या स्टुलावरचं कापड सारा बाजूला—पण बत्तीसचा नाही. हा मापाचा ब्लाउज तुम्हीच आणलाय ना मुलीचा? मग हा बघा, तुमच्यासमोर टेप लावते—चौतीस. आणि चौतीसलासुद्धा काखेत ओढतोय, कापड कसं ताणलंय बघा इथे. आणि तुम्ही म्हणता दोन इंच कमी करून शिवा, लग्नापर्यंत बसेल ती त्यात. कशी बसेल? हां—कपाटाच्या दारावर टांगून ठेवणार, येता-जाता दिसला की घास घशाखाली उतरणार नाही, आपोआप बारीक होईल. ही अक्कल कुणी दिली तुम्हाला? नाही, रागवू नका, मला तर कुणी दिलीसुद्धा नव्हती, माझी मलाच सुचली होती—ते जाऊ दे. मुलीला का नाही आणलंत? माप अंगावरचं घ्यावं, जुन्या ब्लाउजवरून घेऊ नये. झोपलीये? लग्न ठरलेली पोरगी संध्याकाळी सहा वाजता झोपते? सूपवर आहे. म्हणजे दोन्ही वेळा नुसतं सूप? कितवा दिवस? नववा. हं. वाजले किती हो? माझ्या घड्याळाचा सेल संपलाय, सकाळपासून तिथे सव्वादहाच वाजलेत. सहा दहा. बरं. साडेसहाला येते ती. वीस मिनिटं आहेत.

ती म्हणजे माझी निकिता. ट्रॅकवर गेलीये, आपल्या इंदिरानगरच्याच, इथून दहा मिनिटांवर. रोज ऑफिसातून आली की चहा पिते, मूठभर फुटाणे तोंडात टाकते, बूट चढवते आणि जाते, चार फेऱ्या, पाहुणे येवोत नाहीतर लाइट जावोत. तिचंही लग्न आहे ना मे महिन्यात. मुलगा पिंपळगावचा, योगेश, द्राक्षांच्या पॅकहाउसला सुपरवायझर आहे, गुणाचा आहे हो, रोज फोन करतो आणि पहिलं काय विचारतो, तर जेवलीस का. ऐका माझं, तुमच्या मुलीचं ते सूप बंद करा. मी काही डॉक्टर नाही, पण एका डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर सांगितलंय निकिताला—ताटातून काही हाकलायचं नाही. दोन भाकरी खात असशील तर दीड खा. भात आवडतो ना, मग खा, पण एकदाच वाढून घे. गोड खाल्लंस तर रडत बसू नकोस, एक फेरी जास्त मार. महिन्याला दीड-दोन किलो उतरलं की पुष्कळ झालं. साधं आहे की नाही? आमची आई कुसाबाई, जन्मभर शेतात राबली, ती हेच म्हणायची, 'लय खाऊ नको, उपाशी बी राहू नको, अन् पाय हालते ठेव.' तेव्हा हसायचो आम्ही. होळीला निकितानं पुरणपोळी खाल्ली, एकच, वर तुपाची धार, आणि मी आपली तिच्या तोंडाकडे बघत बसले होते. किती दिवसांनी ती गोड खाताना हसली! मीसुद्धा पंधरा दिवस गेले तिच्याबरोबर, सोबत म्हणून, तर माझेच ब्लाउज ढगळ झाले. टेलरच्याच अंगावर लोंबणारा ब्लाउज, गिऱ्हाइकं हसायला लागली. मग लग्नसराईची कामं आली, माझं चालणं राहिलं. सहा सोळा झाले? तुमचं घड्याळ पुढे तर नाही ना?

सोबत कशाला म्हणजे? तिथेच पडली होती ना ती. संक्रांतीच्या दिवशी. त्याआधी बारा दिवस नुसती काकडी आणि लिंबूपाणी, मोबाइलवर कुठल्याशा बाईचा व्हिडिओ बघून. मी तिळगूळ दिला तर हातात घेतला, देवापुढे ठेवला, म्हणाली नंतर खाते. दुसऱ्याच फेरीला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कपाळ आपटलं कठड्यावर. ओळख ना पाळख, चालायला आलेल्या माणसांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेली. चार टाके पडले. माझा जन्म गेला टाके घालण्यात, पण ते चार काही मला बघवले नाहीत, मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले. तेव्हापासून सहा वाजले की माझा जीव टांगणीला लागतो. सुईत दोरा जात नाही. आणि त्याआधी नीट चाललं होतं हो तिचं! तुळशीच्या लग्नापासून चालत होती, मोजकं खात होती, उतरतही होती हळूहळू. मग मध्येच सोडून काकडीवर का गेली? का गेली... कंटाळली असेल. आजकालच्या मुलींना धीर कुठे असतो. असं आपलं माझं मत.

ते असू दे. तुमचं बघू. मी काय करते, चौतीसचाच शिवते आणि आत इंचभर मार्जिन ठेवते. मुलगी खरंच उतरली तर लग्नाच्या आदल्या आठवड्यात या, आत एक शिलाई मारून देते, दहा मिनिटांचं काम. कसं ठेवते ते दाखवते तुम्हाला, हा कुर्ता उलटा करून बघा—नको, हा नको, दुसरा देते—अहो, द्या इकडे तो, गिऱ्हाइकाचा आहे, आजच द्यायचाय. हो, डावी बाजू उसवलीये. उजवीकडे? कुठे तीन शिलाया? तो कडेचा इंटरलॉक आहे... नाही, बरोबर आहे तुमचं. तीन आहेत. एक मूळची आणि आत आणखी दोन. नजर चांगली आहे तुमची. गिऱ्हाईक बारीक झालं असेल, घेतला असेल कुणीतरी आत. दोरा माझ्यासारखाच दिसतो? मोरपंखी दोरा काय, कुठेही मिळतो बाजारात. असं बघू नका हो माझ्याकडे. माझाच आहे दोरा. कुर्ता निकिताचा आहे. झालं?

हा तिचा काटा होता, ताई. वजनकाटा होता घरात, पण ती म्हणायची तो सकाळी एक सांगतो आणि संध्याकाळी दुसरंच. 'आई, तुझी शिलाई खोटं बोलत नाही.' दर रविवारी हा कुर्ता घालायची, आरशासमोर उभी राहायची आणि कमरेशी कापड चिमटीत धरून दाखवायची—बघ, एवढा सुटला. आणि सुटायचा हो, खरंच सुटायचा. कधी पाव इंच, कधी जेमतेम एक सूत. पण साखरपुड्यात तिच्या सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, पोरगी गोड आहे तुमची, फक्त अंगानं जरा भरलेली, लग्नापर्यंत थोडी उतरली तर फोटो बरे येतील. चांगल्या शब्दांत म्हणाल्या, वाईट नाही. मी हसले. घरी आले आणि दिवस मोजायला लागले. हिचं आपलं पाव इंच, एक सूत! म्हणलं असं कधी होणार, पोरीला जरा टोचणी हवी. ती ऑफिसला गेल्यावर कुर्ता काढला आणि दोन्ही बाजूंना आत एकेक शिलाई मारली. पाव इंचच. पण पाव इंच म्हणजे किती, तुम्हाला नाही कळणार—पुढचा, मागचा, डावा, उजवा, सगळे धरले की घेरातून इंच जातो. रविवारी घातला तर कमरेवर अडकला. 'आई, मी तर रोज चालतेय.' म्हणलं, अजून चाल. पंधरा दिवसांनी परत मारली. त्या रविवारी कापड चिमटीत आलंच नाही. कुर्ता काढला, घडी केली, स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. फक्त एवढंच म्हणाली, माझं अंगच असलं मेलं, काही केलं तरी फुगतं. आणि दुसऱ्या दिवसापासून काकडी. मला काय वाटलं सांगू? बरं झालं. पोरीनं मनावर घेतलं. बरं झालं वाटलं हो मला! बारा दिवस मी तिच्यासमोर बसून भाकरी खाल्ली.

हे मी तुम्हाला कशाला सांगतेय? सख्ख्या बहिणीला नाही सांगितलं. किती, सहा तेवीस?

नाही, तिला नाही माहीत. कसं सांगणार? दवाखान्यातून आणली तेव्हा सांगायचं होतं, तर कपाळावर ती पट्टी. मग म्हणलं बरी होऊ दे. मग बरी झाली, जेवायला लागली, परत चालायला लागली, म्हणलं आता कशाला उकरून काढायचं. गुपचूप उसवून टाकीन म्हणलं, तर कुर्ता कुलपात. आणि आज सकाळी तिनंच काढून दिला माझ्या हातात. 'आई, इस्त्री करून ठेव. पडले त्याला आज दोन महिने झाले, आल्यावर घालून बघते. झाला तर हे असंच चालू ठेवते, आणि नाही झाला तर उद्यापासून परत काकडी. हळूहळू माझ्यानं होत नाही आता.' एवढं बोलून गेली बसला. मी तेव्हापासून ब्लेड घेऊन बसलेय. डावी बाजू उसवली तर एक फॉलवाली आली, मग हुकवाली, मग त्या कोपऱ्यावरच्या बाईंच्या तीन साड्या पिकोला, मग तुम्ही. उजवी बाजू राहिलीये. पाच मिनिटांचं काम आहे. उसवायची, पाण्याचा हात मारायचा, गरम इस्त्री फिरवायची, सुईची भोकं बुजतात. सगळी नाही बुजत. पण घालेल, होईल अंगात, सैलच होईल, हसेल माझी पोर.

मग अडलंय कुठे? अहो, हेच तर अडलंय. पाच मिनिटं मला सकाळपासून मिळाली नाहीत, हे खरं वाटतं तुम्हाला? गिऱ्हाइकं रोजच येतात. ब्लेड लावते आणि हात थांबतो. तो सैल झाला, तर तिला वाटेल काय? तीच म्हणेल, बघ आई, नुसत्या चालण्यानं तर घट्टच होत होता, शेवटी त्या काकडीनंच केलं. म्हणजे परत कधी अंगावर आलं की परत काकडी, आणि तिकडे पिंपळगावला पडली तर मी कुठे असेन? आणि काही नाही वाटलं तरी ते एक राहीलच मनात, माझं अंगच असलं. तिच्या अंगाचा काय दोष होता हो? ते बिचारं चांगलं उतरत होतं. आणि सांगितलं तर—तुम्ही म्हणता सांगून टाका. तुमचं काय जातंय! लग्नाला दोन महिने राहिलेत. माहेरचे शेवटचे दोन महिने, आणि ती माझ्याशी बोललीच नाही तर? याच मशीनखाली चिंध्यांची बाहुली करून खेळत वाढलीये ती. माझ्या हातावर तिचा काट्यापेक्षा जास्त भरवसा. तो मी स्वतःच्या हातानं... तुम्ही असता तर सांगितलं असतं? खरं बोला. आज घरी जाऊन उठवाल मुलीला, सांगाल तिला की मी तुझा ब्लाउज दोन इंच कमी शिवायला टाकायला निघाले होते, तुला उपाशी ठेवायला? बघा. ब्लाउजची घडी घालायला लागलात.

थांबा. फाटक वाजलं का? आमचंच. ती बघा, पायरीवर बसलीये, बूट काढतेय. आज लवकर कशी आली? ताई, तुमचं हे कापड घ्या. नाही, ठेवून जाऊ नका, घेऊनच जा. उद्या मुलीला घेऊन या, जेवून ये म्हणावं पोटभर, मी तिच्या अंगावरचं माप घेते. त्या सूपचं भांडं उचलून ठेवा माळ्यावर. आणि टांगू नका हो काही कपाटाला. निघा आता, खरंच निघा, राग मानू नका. चप्पल त्या बाजूला आहे.

आलीस? झाल्या चार? पाच! एवढ्या लवकर? बस जरा, पाणी पी आधी. अगं, गिऱ्हाईक होतं, गेलं. कुर्ता ना? आहे. इस्त्री नाही झाली. नाही, वेळ होता, मीच नाही केली. हे ब्लेड? ते असू दे. हा घे. थांब, अंगात नको घालू. निकिता, आधी उलटा कर. तिकडे खिडकीशी उजेडात ये आणि उजवी बाजू बघ. शिलाया मोज. मोज ना. हो. हो गं, माझाच दोरा आहे.