चिंगी बरी हाय

जनावरांचे डॉक्टर कौस्तुभ नाचणे वसईत माणसांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते. चारचौघांत सांगायला लाज वाटावी असा त्यांचा आजार होता : झोप उडाली होती. म्हणून तोंडावर मास्क. पुढच्या बाकावर, त्यांच्याकडे पाठ करून, पाचूबंदरच्या मालूबाई आणि शेजारची प्रीतल.

"मालूमावशी, चिंगीच्या डॉक्टरचे फोन अजून येतात?"

"रोज! मांजरीनं गळ गिळलेला, त्यानं पोट फाडून काढला. एक टाका वाकडा पडला म्हनून माझी माफी मागितली, बाय!"

"पण चिंगी तर चौथ्या दिवशी गेली."

"हळू बोल. त्याला कुठं ठाव हाय? मी सांगते, बरी हाय."

"महिनाभर?"

"गेली त्याच दिवशी सांगनार होते. पन त्याचा आवाज आधीच रडवेला. 'माझं काही चुकलं का?' म्हनतो. कसं सांगू? काल म्हटलं, बांगडा खाल्ला."

"मग?"

"मग विचारतो, काटे काढले होते का?"

दोघी पोट धरून हसल्या. डॉक्टरांनी मास्क डोळ्यांपर्यंत ओढला, उठून जिन्यात गेले आणि फोन लावला.

"मालूबाई, चिंगी कशी आहे?"

"बरी हाय, डॉक्टर. खेळते."

"मग उद्यापासून फोन करत नाही."

"देव बरं करो!" हे फोनमधून आणि दारातून, दोन्हीकडून ऐकू आलं.

फोन बंद झाल्यावर नुसतं दारातून आलं, "सुटला गं बिचारा!"